पदराची उलटी बाजू

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती दिसू लागल्या. परंतु त्या पडद्यावर येण्याची ऐपत असलेला कारखानदार निराळा आणि येवल्याच्या गल्लीत मागावर बसणारा विणकर निराळा. हे अंतर पुढे केबलने पुष्कळ कमी केले. १९९० नंतरच्या दशकात तालुक्याच्या गावांतही केबलचालकांच्या स्थानिक वाहिन्या निघाल्या आणि साडीचे दुकान, खासगी शिकवणी, मंगल कार्यालय ही मंडळी प्रथमच पडद्यावर आली. आज तर चित्रीकरणाचा कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात आहे. साधन हाती आले. त्याचे करावयाचे काय, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

झाले ते बहुतांशी अनुकरण. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत नटी हसते, म्हणून गावच्या सराफाच्या चित्रफितीतही कोणी तरुणी अकारण हसते. संगीत उसने, निवेदकाचा आवाज उसना आणि ‘एकमेव विश्वसनीय’ हे बिरुद तर एकाच पेठेत चार दुकानांना! ज्याला गिऱ्हाईक नावानिशी ओळखते, त्याने हे सोंग आणून काय साधावयाचे?

पैठणीचेच पाहावे. तिला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण असले, तरी यंत्रमागावरील नक्कल बाजारात राजरोस विकली जाते आणि खऱ्या विणकराला भाव का चढा, याचा खुलासा करीत बसावे लागते. हातमागावर नक्षीतील प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी फिरते व आडवे धागे एकमेकांत गुंतविले जातात. त्यामुळे पदरावरचा मोर सुलट बाजूने दिसतो तसाच उलट बाजूनेही दिसतो. नकली पैठणीच्या पाठीमागे मात्र सुटे वा कापलेले धागे आढळतात. वृत्तपत्राच्या चौकटीत हे शंभर शब्दांतही पटविणे कठीण; चित्रफितीत विणकराने पदर उलटून दाखविला की काम झाले. लाकडी घाणा चालविणाऱ्यालाही हेच लागू आहे. त्याने घाणाच दाखवावा.

स्थानिक वाहिन्यांचा व्यवहार हा या विषयाचा अधिक अप्रिय भाग. चित्रपट चालू असताना तळाशी सरकणारी पट्टी ही गावोगावची रूढ जाहिरात. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सातवा नियम नेमक्या अशाच मजकुरास मनाई करतो, याची आठवण ना वाहिनीला असते ना दुकानदाराला. तरीही पट्टीचा दोष निदान उघड आहे. पैसे घेऊन दुकानदाराची मुलाखत बातमीपत्राच्या वेशात दाखविणे हे त्याहून घातक होय. प्रेक्षक एकदा फसतो. दुसऱ्या खेपेस वाहिनीवरचा त्याचा विश्वासच उडतो आणि मग त्याच पडद्यावर खरे बोलणाऱ्या विणकराचेही कोणी ऐकत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बड्या कंपनीला ही रक्कम किरकोळ. छोट्या दुकानाला मात्र कायमचे टाळे लागेल. पैसे घेऊन दाखविलेल्या प्रत्येक मुलाखतीवर ‘जाहिरात’ हा शब्द ठळकपणे दिसलाच पाहिजे, असा आग्रह गावोगावच्या व्यापारी संघांनी केबलचालकांपाशी धरावा. त्याला खर्च काहीच येत नाही.