सवलतीला कारण हवे

22 सप्टेंबर 2025 रोजी मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवरचा भरपाई उपकर गेला आणि 40 टक्के जीएसटी लागू झाला. आधी 28 टक्के जीएसटी आणि त्यावर 20 ते 22 टक्के उपकर असा 48 ते 50 टक्क्यांचा भार होता. त्या दिवसांत आपल्या शोरूममध्ये आलेल्या ग्राहकांनी नुसते “गाडी किती स्वस्त झाली?” एवढेच विचारले नाही. “आधी कर किती होता, आता किती आहे, आणि मधला फरक पूर्ण माझ्यापर्यंत पोचला का?” असेही विचारले. आपल्यापैकी अनेकांच्या यार्डात उपकर भरून घेतलेला स्टॉक तेव्हा उभा होता आणि त्या उपकराचे क्रेडिट वापरायला वाट उरली नव्हती. ती कळ अजून ताजी आहे. पण त्याच दिवसांत ग्राहक किमतीची फोड वाचायला शिकला, आणि शिकलेली गोष्ट तो आता विसरणार नाही.

या बदलाची धग सर्वांत आधी लागते ती स्पोर्ट्स कार विकणाऱ्याला. हा ग्राहक गाडीचा अश्वशक्तीपासून टायरच्या मापापर्यंत अभ्यास करून येतो. चार शहरांतल्या विक्रेत्यांना फोन करून झालेले असतात. त्याच्याशी किमतीची बोलणी कशी करावीत, याबद्दल आमचे म्हणणे सरळ आहे. घासाघीस करायला हरकत नाही. मात्र दिलेल्या प्रत्येक सवलतीचे कारण कागदावर लिहिता आले पाहिजे, आणि तेच कारण लागू पडणाऱ्या दुसऱ्या ग्राहकालाही तीच सवलत न मागता मिळाली पाहिजे.

आधी किमतीची फोड पाहू. हिशोबाला सोपी म्हणून 75 लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची, देशात जुळणी झालेली पेट्रोल स्पोर्ट्स सेडान घेऊ. चेन्नईत जुळवली जाणारी बीएमडब्ल्यू एम340आय याच जातीची. या 75 लाखांत सुमारे 21 लाख 43 हजार रुपये जीएसटी आहे. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर 13 टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे 9 लाख 75 हजार. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के, म्हणजे 15 लाख. या कराची कमाल मर्यादा 1 जुलै 2025 पासून 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली, हे महागड्या गाड्यांच्या कोटेशनमध्ये विशेष लक्षात ठेवायला हवे. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे इथे 75 हजार. व्यक्तीच्या नावावरच्या या व्यवहारात टीसीएस सोडूनही 31 लाखांहून अधिक रक्कम सरकारजमा होते. तिच्यातला एक रुपयाही कमी करणे आपल्या हातात नाही.

समोरचा ग्राहक मात्र शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, “पाच लाख सोडा.” त्याला ही फोड दाखवलेली नसेल, तर तो अठ्ठ्याऐंशी-नव्वद लाखांतले पाच लाख मागत असतो. आपण ते आपल्या तुटपुंज्या मार्जिनमधून शोधत असतो. दोघांच्या डोळ्यांसमोरचा आकडा वेगळा, मग बोलणी जुळणार कशी? टीसीएसचेच पाहा. ही रक्कम ग्राहकाच्या आयकर खात्यावर जमा होते आणि विवरणपत्र भरताना तिची वजावट मिळते. तरीही ती कोटेशनमध्ये ‘इतर खर्च’ या ओळीखाली घुसडलेली आम्ही पाहतो. जी रक्कम ग्राहकाचीच आहे ती खर्च म्हणून दाखवल्यावर, उरलेल्या ओळींवर त्याने विश्वास का ठेवावा?

खरी अडचण त्या उरलेल्या ओळींतच आहे. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, ‘आवश्यक’ ॲक्सेसरी किट, सिरॅमिक कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि शोरूमचाच विमा. आपल्या धंद्यातली जुनी रीत अशी, की या ओळींमध्ये आधी दोन-तीन लाख चढवून ठेवायचे, ग्राहकाने आवाज चढवला की “साहेबांना विचारून येतो” म्हणत केबिनमध्ये जायचे आणि दीड लाख सोडल्याचे सांगत बाहेर यायचे. जो भांडला त्याला दीड लाख परत मिळाले. जो आपल्यावर भरवसा ठेवून गप्प बसला त्याने पूर्ण भरले. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाकडून जास्त पैसे घ्यायचे, हा या रितीचा सरळ अर्थ आहे आणि आम्हाला तो सहन होत नाही.

ही रीत कायद्यातही बसत नाही. गाडीच्या नोंदणीच्या कायद्यात हँडलिंग चार्जेस नावाचे कोणतेही शुल्क नाही. विमा नियामकाने 2017 मध्ये वाहन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार आपण विमा विकू शकतो, पण ग्राहकाला आपल्याकडूनच घेण्याची सक्ती करू शकत नाही. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे, ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. विमा स्वस्त आणि चांगला असेल, दावा लवकर निकाली निघत असेल, तर तो त्या गुणांवर विकता येतो. महागड्या गाडीच्या मालकाला आपल्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस दुरुस्ती मिळणे ही मोलाची सोय आहे. सक्ती केली की याच सोयीचा ग्राहकाला संशय येऊ लागतो.

घासाघिशीतला अन्याय कुणाच्या वाट्याला येतो, याचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. इयन आयर्स यांनी शिकागो परिसरातल्या विक्रेत्यांकडे एकसारखे बोलणे शिकवलेली माणसे ग्राहक म्हणून पाठवली. 1991 मध्ये त्यांचा पहिला लेख आला आणि 1995 मध्ये पीटर सीगलमन यांच्यासोबत तीनशेहून अधिक भेटींवर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडी तीच, वाक्ये तीच, तरी कृष्णवर्णीय पुरुषांना शेवटी मिळालेली किंमत गोऱ्या पुरुषांच्या किमतीपेक्षा सरासरी हजार डॉलरांहून जास्त होती. माणूस दारातून आत येताच विक्रेत्याने मनाशी बांधलेला अंदाज त्या आकड्यात उतरला होता.

आपल्या शोरूममध्ये वर्णाच्या जागी दुसरे अंदाज असतात. एकटी आलेली स्त्री गाडीबद्दल नेमके प्रश्न विचारत असते आणि कन्सल्टंट उत्तरे तिच्यासोबत आलेल्या भावाला देत असतो. कोल्हापूर-सांगलीकडचा बागायतदार साध्या कपड्यांत येतो, तर त्याला टेस्ट ड्राइव्हची वेळ मिळत नाही. आयटीतला तरुण पहिल्याच पगारवाढीवर स्वप्नातली गाडी घ्यायला आलेला दिसला, की हा जास्त ताणणार नाही असे गृहीत धरले जाते. सवलतीचे कारण लिहायची सवय लागली की हे अंदाज उघडे पडतात, कारण ‘ग्राहक भांडला नाही’ हे कारण कुणालाही कागदावर लिहिता येत नाही.

मग लिहिता येणारी कारणे कोणती? स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ती भरपूर आहेत. पहिले कारण गाडीचे यार्डातले वय. समजा आपल्याला 70 लाखांना पडलेली गाडी दर साल दर शेकडा 9 व्याजाने घेतलेल्या कर्जावर उभी आहे. महिन्याला 52 हजार 500 रुपये व्याज चढते. चार महिन्यांत 2 लाख 10 हजार गेले. रोजच्या वापराची छोटी गाडी आज नाही तर उद्या जाते, पण पिवळ्या रंगाची, लाल शिलाईच्या सीट्सची दोन दरवाजांची गाडी आपल्या ग्राहकाची वाट पाहत राहते. उभी राहून बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून सपाट होतात. डिसेंबर संपला की उत्पादनाचे वर्ष मागे पडते आणि पुढे गाडी पुन्हा विकताना त्याचा फटका ग्राहकाला बसतो. अशा गाडीवर सवलत मागणे हा ग्राहकाचा रास्त हक्क आहे. उत्पादनाचा महिना त्याने शोधून काढण्याआधी आपणच सांगावा आणि त्या वयापोटी किती सोडतो तेही सांगावे.

दुसरे कारण डेमो गाडी. किती किलोमीटर चालली, किती हातांनी चालवली, वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, हे सांगून तिची किंमत ठरावी. तिसरे कारण कंपनीची योजना. ती सर्वांना सारखी असते, तेव्हा ती मागणाऱ्यापुरती राखून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. चौथी बाब एक्स्चेंजची. नव्या गाडीवर लाखभर जास्त सोडायचे आणि जुन्या गाडीच्या किमतीतून तेवढेच कापायचे, हा प्रकार ग्राहकाला आज ना उद्या कळतोच. जुन्या गाडीचे मूल्यांकन वेगळ्या कागदावर, वेगळ्या सहीने व्हावे. ते पटले नाही तर गाडी बाहेर विकायची मोकळीक ग्राहकाला असावी आणि त्यामुळे नव्या गाडीचा भाव बदलू नये.

मागणी पुरवठ्याहून जास्त असते तेव्हा हाच नियम उलट दिशेने कसाला लागतो. 2025 च्या मे महिन्यात फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आली आणि पहिल्या 150 गाड्या लगोलग संपल्या. ऑक्टोबरमध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या 100 गाड्यांचेही तेच झाले. अशा वेळी घासाघीस ग्राहक करत नाही, आपल्याला मोह होतो. रांग ओलांडून गाडी देण्याचे, न लागणारे किट गळ्यात मारण्याचे, वरचे पैसे मागण्याचे प्रसंग येतात. अमेरिकेत 1958 च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत लावणे बंधनकारक केले. तरी टंचाईच्या काळात कॉर्व्हेटसारख्या गाडीवर विक्रेत्यांनी त्या कागदाशेजारी दुसरा कागद चिकटवून हजारो डॉलर जास्त मागितले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांना 2022 च्या सुरुवातीला आपल्याच विक्रेत्यांना तंबी द्यावी लागली. वाटपाच्या गाड्यांची यादी नोंदणीच्या क्रमाने, तारीखवार आणि पाहता येईल अशी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

हे सारे तातडीने करायला हवे असे आम्हाला वाटते, कारण किंमत ठरवण्याचे आपले स्वातंत्र्यच पणाला लागले आहे. 23 ऑगस्ट 2021 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विक्रेत्यांना ठरल्यापेक्षा जास्त सवलत देऊ न देणे, ग्राहक बनून जाणारी माणसे पाठवून पाळत ठेवणे आणि सवलत देणाऱ्याला दंड करणे, असा ठपका होता. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्राच्या विभागातल्या विक्रेत्यांबद्दल आलेल्या एका निनावी ई-मेलवरून ते प्रकरण सुरू झाले होते. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. पण आयोगाने मांडलेले तत्त्व आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. आपल्या मालकीच्या गाडीवर किती सोडायचे हे ठरवण्याचा हक्क विक्रेत्याचा आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पुण्यात मुख्यालय आणि चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने दुसरी वाट धरली. स्टॉकची मालकी कंपनीकडे, देशभर एकच किंमत, बिल थेट कंपनीचे. विक्रेत्याच्या डोक्यावरचा व्याजाचा बोजा उतरला, सोबत किंमत ठरवण्याचा हक्कही गेला. जुलै 2025 मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले, तिथे तर मधला विक्रेताच नाही. ग्राहकाला ही पद्धत का आवडते? शेजाऱ्याला तीच गाडी आपल्यापेक्षा स्वस्तात मिळाली असेल, ही धास्ती तिथे राहत नाही. ही खात्री आपण दिली नाही, तर कंपन्या ती देतील आणि आपल्याला बाजूला सारून देतील.

म्हणून या महिन्यापासून चार गोष्टी सुरू कराव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पहिले कोटेशनच पूर्ण ऑन-रोड किमतीचे असावे आणि प्रत्येक ओळीपुढे ते पैसे कुणाला जातात हे लिहावे: सरकारला, विमा कंपनीला, की आपल्याला. ऐच्छिक ओळी वेगळ्या रकान्यात, शून्य रुपये धरून छापाव्यात. ग्राहकाने हो म्हटले तरच तिथे आकडा यावा. प्रत्येक सवलतीची नोंद कारणासह एका वहीत व्हावी आणि महिन्याच्या शेवटी मालकाने ती वही स्वतः वाचावी. आणि सेल्स कन्सल्टंटचा इन्सेंटिव्ह ‘किती सवलत वाचवली’ यावर ठरवणे थांबवावे.

ही चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या दालनातली पंचविशीतली मुले-मुली गाडीवर मनापासून प्रेम करतात म्हणून या धंद्यात येतात. त्यांच्याकडून दिवसभर अर्धसत्य वदवून घेतले, तर त्यांतली चांगली माणसे निघून जातात आणि उरलेल्यांना खोटे बोलण्याचीच सवय लागते. पूर्ण कागद हातात असलेला कन्सल्टंट ताठ मानेने सांगू शकतो, “या गाडीवर आम्ही एवढेच सोडू शकतो, आणि ते या कारणासाठी.” यावर ग्राहक कधी उठून जाईल, तर त्याला जाऊ द्यावे. थांबेल तो ग्राहक पुढची गाडीही आपल्याकडूनच घेईल, कारण आपण सांगितलेला आकडा पुन्हा पडताळून पाहायची गरज त्याला वाटणार नाही.