आखाड्यातला वैद्य

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नातवाने पेरूच्या झाडावरून उडी मारली. टीव्हीवरच्या चिनी सिनेमातला नायक छपरावरून मारतो ना, अगदी तशी. नायक दोन पायांवर उभा राहिला होता, आमचे चिरंजीव मनगटावर पडले. हात डोळ्यांदेखत सुजला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आधी दवाखाना." पण मी जुन्या वळणाचा. आमच्या लहानपणी जबलपुरात पाय मुरगळला की आखाड्याच्या वस्तादांकडेच नेत. मी रिक्षा तिकडे वळवली.

वस्ताद सत्तरीचे. त्यांनी मनगट तळहातावर घेऊन अंगठ्याने हळूच चाचपले आणि लगेच हात काढून घेतला. "बाबूजी, ये मोच नहीं है, हड्डी गई है. पहले फोटो निकलवाओ." एक्स-रेत खरेच हाड मोडलेले निघाले. मला चुकल्यासारखे झाले. पण वस्तादांबद्दलचा आदर मात्र दुणावला. न येणाऱ्या गोष्टीला हात न घालणे सगळ्यांना कुठे जमते? मोडलेल्या हातावर कामट्या करकचून आवळणारे महाभाग आजही आहेत. बोटे थंड पडतात, काळीनिळी होतात, आणि कधी कधी हात कापायची वेळ येते.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसलेल्या नातवाचा प्रश्न होता, "आजोबा, पैलवान डॉक्टर कसा होतो?" मी म्हटले, अरे, तुझा तो सिनेमातला नायक खराच होऊन गेला. वॉन्ग फेई-हंग त्याचे नाव. 1847 मध्ये फोशानला जन्मला, 1925 मध्ये वारला. मारामारी शिकवायचा आणि कँटनमध्ये 'पो ची लाम' नावाचा औषधांचा दवाखानाही चालवायचा. शंभरावर सिनेमे निघाले त्याच्यावर. 1924 च्या दंगलीत दवाखाना जळाला, ते मात्र पोराला सांगवले नाही.

पण त्यासाठी चीनपर्यंत जायला नको. बडोद्याचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव घ्या. अस्सल मराठी माणूस. गुरू जुम्मादादांच्या नावाने त्यांनी व्यायाममंदिर चालवले. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती शिकवली, कवायतीच्या इंग्रजी आज्ञा काढून हिंदी आज्ञा आणल्या. आणि हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा. लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद 1907 ते 1910 याच माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी करणारा माणूस आखाड्याच्या मातीतून आला, हे मला फार आवडते.

यात नवल तरी काय म्हणा! रोज कुस्त्या होणार तिथे खांदे निखळणार, घोटे मुरगळणार. शिकवणाऱ्यालाच ते निस्तरावे लागे. सुश्रुताने शरीरातली 107 मर्मे सांगितली. मारणाऱ्याला ती ठाऊक हवीत, वाचवणाऱ्यालाही. मोडलेल्या हाडाला वडा-पिंपळाच्या सालीचा आधार देऊन बांधायचे, हेही त्याच्याकडे आहे. एक्स-रे मात्र त्याच्याकडे नव्हता, आपल्याकडे आहे. मग तो न काढता कुणाच्या हातात हात द्यायचा कशाला?

प्लास्टर निघाले. डॉक्टरांच्या परवानगीने नातू वस्तादांकडे जाऊ लागला. मालिश नाही, नुसती बोटे मिटायची-उघडायची, मनगट हळूहळू फिरवायचे. पंधरा दिवसांत पोरगा पतंगाचा मांजा गुंडाळू लागला.

वॉन्गची गोष्ट त्याने वस्तादांनाही ऐकवली होतीच. एका संध्याकाळी त्यांनी मलाच विचारले, "बाबूजी, वो चीनी कौन सा तेल लगाता था?"

तेल कसले, मी सांगितले, तिकडे जडीबुटी दारूत मुरवून चोळतात.

"दारू? अखाड़े में?" म्हणत वस्तादांनी हनुमानाच्या तसबिरीकडे पाहिले आणि नातवाला दुसऱ्या खोलीत पाठवले.