गुडघ्याची हरवलेली जाण

डोळे मिटले तरी आपला गुडघा किती वाकला आहे, हे माणसाला कळते. या जाणिवेला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध केवळ हाडे बांधणारी दोरी नव्हे. ताणाची वार्ता मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकेही त्यात असतात. तो तुटला की ती वार्ता खंडित होते, आणि शस्त्रक्रियेने बसवलेल्या नव्या बंधाबरोबर ती आयती परत येत नाही.

सूज उतरली, वेदना थांबली, की रुग्ण दुकानाच्या माळ्यावर चढू लागतो. चढणे निभते. उतरताना मात्र हातातील गठ्ठ्यामुळे पायरी दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच गुडघा दगा देतो.

फिजिओथेरपिस्ट मिटल्या डोळ्यांनी गुडघा ठराविक कोनात वाकवतात, सरळ करतात आणि तोच कोन रुग्णाला पुन्हा साधायला सांगतात. चूक अंशांत मोजली जाते. पुढे त्यांच्या देखरेखीखाली एका पायावर तोल सांभाळणे येते. आधी उघड्या डोळ्यांनी, नंतर मिटून, मग मऊ गादीवर. घरच्यांना हा व्यायाम वाटतच नाही; तरी तो काही महिने चालवावा लागतो, आणि तोवर माळ्यावरचा माल दुसऱ्याने उतरवलेला बरा.