कुंडीत पांढरी बुरशी दिसली की लगेच औषध मारू नका



शहरातले पाहुणे फोटो पाठवतात. घरी केलेलं कंपोस्ट कुंडीत घातलं, चार-आठ दिवसांत वर कापसासारखी पांढरी बुरशी आली. मग प्रश्न एकच, "कोणतं बुरशीनाशक टाकू?" काही जण तर विचारायच्या आधीच कार्बेन्डाझिम ओतून मोकळे होतात.

माझं सरळ म्हणणं आहे, टाकू नका. ही बुरशी झाडाचा रोग नाही. वाळली पानं, काडीकचरा कुजवायचं काम तीच करते. आम्ही शेतकरी ट्रायकोडर्मा पैसे मोजून आणतो अन् शेणखतात मिसळतो. ती पण बुरशीच हाय की! कार्बेन्डाझिम आंतरप्रवाही आहे, मुळातून झाडात चढतं. पुदिन्याच्या कुंडीत ओतलं तर चटणीत काय येणार, तुम्हीच सांगा.

खरा दोष दोन गोष्टींचा. खत कच्चं अन् पाणी जादा. कच्चं खत कुंडीतच कुजायला लागतं, तेव्हा जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात. झाडाला उरत नाही, पानं पिवळी पडतात. रोज पाणी घातलं की मुळं गुदमरतात, चिलटं होतात. अन् नाव बुरशीचं!

मग करायचं काय? वरचा बोटभर थर काढून परत कंपोस्टच्या डब्यात टाका. माती हलकी उकरा. वरची माती सुकेपर्यंत पाणी बंद. कुंडी हवेशीर उजेडात ठेवा. पुढच्या वेळी तीन भाग मातीला एक भाग खत, त्यापेक्षा जास्त नको.

काही जण म्हणतील, शेतात चालतं, घरात दम्याचं माणूस असतं. बरोबर आहे. अशा माणसानं बुरशी उकरू नये. दुसऱ्यानं थोडं पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून, गॅलरीत काढावी. त्यालाही विष लागत नाही.

पक्कं खत काळपट, भुसभुशीत असतं, गार लागतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. शंका असेल तर मूठभर ओलं खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर आंबूस, कुजका वास आला तर अजून महिनाभर थांबा.

औषधाच्या बाटलीपेक्षा महिनाभराची कळ स्वस्त पडते.