प्रकल्पासोबत कंपायलरची आवृत्तीही तपासा

क. का. वाघ संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय पंचवटीत, अमृतधामला आहे. तिथल्या आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इतर महाविद्यालयांतल्या अंतिम वर्षाच्या मूल्यमापनात एक बदल व्हावा, असे मला ठामपणे वाटते. प्रोग्रॅम कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या लायब्रऱ्यांवर तयार केला याची नोंद प्रकल्पासोबत सक्तीने घ्यावी आणि तिला गुण असावेत. कारण लिनक्सवर हा तपशील प्रोग्रॅम चालणार की नाही हेच ठरवतो. उबुंटू २२.०४ वर ग्लिबसी ही मूळ लायब्ररी २.३५ आवृत्तीची आहे, २०.०४ वर २.३१ ची. जुन्यावर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर सहसा चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर अनेकदा ‘व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणत सुरूच होत नाही. सी++ ची लायब्ररी तर आणखी फसवी, कारण २००४ पासून तिच्या फाइलच्या नावातला सहाचा आकडा बदललेला नाही, आतला मजकूर मात्र जीसीसी या कंपायलरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या आवृत्तीगणिक वाढत गेला. नाव तेच दिसते म्हणून विद्यार्थी कुठून तरी नवी फाइल आणून जुनीवर चढवतात. ग्लिबसीच्या बाबतीत असे केले, तर साधी ‘एलएस’ आज्ञाही चालेनाशी होते, कारण यंत्रणेतला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावरच उभा असतो.

‘सगळे संगणक अपडेट करा’ हा सल्ला ऐकायला सोपा आहे. पण सामायिक यंत्रांवर जुनी कामेही चालू असतात. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या साधनाने दूरच्या सर्व्हरसाठी ग्लिबसी २.२८ ची अट घातली, तेव्हा २.१७ वर असलेल्या सेंटओएस ७ च्या वापरकर्त्यांचे काम अडले आणि ते बनवणाऱ्या कंपनीला तात्पुरती मुभा द्यावी लागली. त्या सेंटओएसचा आधार ३० जून २०२४ पर्यंत होता, म्हणजे ती यंत्रे तेव्हा टाकाऊ नव्हती. यावरचा खरा मार्ग पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवर रुळलेला आहे. तिथे कंपायलरच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि वापरकर्ता ‘मॉड्यूल लोड’ने आपल्याला हवी ती निवडतो. यंत्रणेच्या मूळ लायब्ररीला कोणी हात लावत नाही.

डॉकर असताना ही कटकट कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो निम्मा बरोबर आहे. डॉकर लायब्रऱ्या सोबत नेतो, पण कर्नल आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर यजमान यंत्राचाच राहतो. शिवाय त्याच्या फाइलीत आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ लिहिले, तर पुढच्या वर्षी त्याच फाइलीतून वेगळेच काही तयार होईल. म्हणजे नोंद इथेही हवीच. विद्यार्थ्यांवर ओझे वाढेल म्हणावे, तर जीसीसीची आवृत्ती आणि ‘एलडीडी’ या आज्ञेने मिळणारी लायब्रऱ्यांची यादी अहवालात जोडायला काही मिनिटे पुरतात. परीक्षकाने मात्र ती यादी वाचून थांबू नये. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपऐवजी प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या यंत्रावर, त्या नोंदीच्या आधारे, प्रकल्प पहिल्यापासून बांधून घ्यावा आणि मगच गुण भरावेत.