अभ्यासिकेची दुरुस्ती: खुर्चीच्या आधी वेळ

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन निरनिराळ्या जागा असतात. एक पुस्तकांची, म्हणजे कपाटे, रॅक आणि देवघेवीचा काउंटर. दुसरी बसून अभ्यास करण्याची, म्हणजे वाचनकक्ष किंवा अभ्यासिका. पूर्वी दुसरी जागा पहिलीच्या आधाराने चाले. ग्रंथालयातले पुस्तक मागायचे, तिथेच बसून वाचायचे आणि परत द्यायचे. आता अभ्यासिकेत बसणारे बरेच विद्यार्थी स्वतःची पुस्तके, झेरॉक्सच्या नोट्स आणि मोबाइल घेऊनच येतात. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते ती शांत, उजेडाची, कुणी उठवणार नाही अशी जागा. त्यामुळे अभ्यासिकेचे नूतनीकरण हा फर्निचर खरेदीचा विषय राहिलेला नाही. बसणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे आधी समजून घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील विद्यापीठीय वाचनकक्षाचा सर्वांत देखणा नमुना मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात आहे. राजाबाई टॉवर आणि त्याला जोडलेली ग्रंथालयाची इमारत यांचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1869 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि 1878 मध्ये ते पूर्ण झाले. उंच छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या असलेल्या या वास्तूचे जतनकाम 2015 मध्ये पूर्ण झाले. अशा कामात मूळचे रूप परत आणायचे असते. अभ्यासिकेच्या नूतनीकरणाचा हेतू याच्या उलट असतो, कारण तिथे वापर बदललेला असतो आणि जागेला त्याच्यामागे जावे लागते. वारसा इमारतीत प्लग पॉइंटसाठी भिंत फोडता येत नाही. साध्या इमारतीत ती फोडता येते, पण कुठे फोडायची हे विद्यार्थ्यांना विचारूनच ठरवावे लागते.

विद्यार्थ्यांना काय हवे असते, याचा अंदाज पुण्यात चांगला येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या अभ्यासिकेत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुलांबरोबर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारेही दिवसच्या दिवस बसतात. शहरात सदाशिव आणि नारायण पेठेत खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. महिन्याचे पैसे भरले की ठरलेले टेबल, लॉकर, प्लग, वायफाय आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंतची वेळ मिळते. विद्यार्थी ज्यासाठी पदरचे पैसे मोजतो, ती त्याची खरी गरज असे मानायला हरकत नाही. या यादीत झगमगाट कुठेच नाही. हक्काची जागा आणि लांब वेळ हीच तिची मुख्य कलमे.

अभिप्राय घेण्याची सोय नियमांतही आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या 2017 मधील सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण ऑनलाइन घेण्याची तरतूद आली. मात्र त्यातले बहुतेक प्रश्न शिकवण्याबद्दलचे असल्याने वाचनकक्षाचा वेगळा पत्ता त्यातून लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींना स्थान आहे, त्यामुळे अभ्यासिकेचा विषय तिथे मांडता येतो. याखेरीज सूचनापेटी असतेच. तिची मर्यादा ही की, तिच्यात चिठ्ठी टाकतो तो आधीच ग्रंथालयात आलेला असतो. जो येतच नाही, त्याचे म्हणणे वर्गात, कँटीनमध्ये किंवा एसटीच्या थांब्यावर जाऊनच विचारावे लागते.

तक्रार आली की तिची शहानिशा मोजणीने होते. एक आठवडा एरवीचा आणि एक परीक्षेच्या तोंडावरचा निवडून, दर तासाला किती खुर्च्यांवर माणूस आहे, किती खुर्च्या नुसत्या बॅगेने अडल्या आहेत आणि किती रिकाम्या आहेत, हे एका कागदावर लिहिले तरी पुरते. ‘बसायला जागाच नाही’ या एका तक्रारीमागे तीन वेगळी कारणे निघू शकतात. जागा खरोखर कमी असतील, तर वाढवाव्या लागतात. सकाळी वही ठेवून दुपारी उगवणाऱ्यांनी त्या अडवल्या असतील, तर अर्ध्या तासाचा नियम करून तो पाळून घ्यावा लागतो. आणि बंद पंख्याखालची किंवा अंधाऱ्या कोपऱ्यातली टेबले रिकामी राहत असतील, तर नवीन खुर्च्या घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागते. पहिले कारण खर्चाचे आहे, दुसरे फुकटचे आणि तिसरे किरकोळ पैशांचे.

जागा वाढवतानाही मर्यादा असते. ग्रंथालय इमारतींसाठीच्या भारतीय मानकात वाचनकक्षात दर वाचकामागे साधारण 2.33 चौरस मीटर, म्हणजे 25 चौरस फूट जागा धरतात. त्या हिशेबाने 120 चौरस मीटरच्या दालनात पन्नासेक जण नीट बसतात. तिथे ऐंशी खुर्च्या घातल्या, की कोपराला कोपर लागतो, प्रत्येक उठणाऱ्यामागे दोघे हलतात आणि आवाजाची नवी तक्रार सुरू होते. आवाज बहुधा बोलण्याचा नसतोच. लाद्यांवर ओढल्या जाणाऱ्या लोखंडी खुर्च्यांचा, खडखडणाऱ्या पंख्याचा, काउंटरवर शिक्के मारण्याचा असतो. खुर्चीच्या पायांना रबरी बूच बसवले आणि काउंटर व टेबले यांच्यामध्ये पार्टिशन घातले, की निम्मे काम होते. गटाने चर्चा करणाऱ्यांना गप्प बसवण्यापेक्षा दार लावता येईल अशी एक छोटी खोली देणे सोपे पडते.

उजेडासाठी टेबलावर साधारण 300 लक्स प्रकाश असावा. मोबाइलमधल्या ॲपवर त्याचा ढोबळ अंदाज घेता येतो. जुन्या दालनांत ट्यूबलाइट मूळच्या कपाटांच्या रांगेनुसार लावलेल्या असतात. पुढे कपाटे हलली, टेबले आली, तरी ट्यूब जागच्या जागी राहतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्याची सावली त्याच्याच वहीवर पडते. प्लगची मागणी आता सगळीकडे असते, पण एका बोर्डाला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड जोडत जाणे धोक्याचे आहे. जुन्या वायरिंगवर भार न टाकता स्वतंत्र लाइन ओढून टेबलाच्या उंचीवर प्लग द्यावेत. दाराशी 1:12 उताराचा रॅम्प आणि व्हीलचेअर शिरेल असे निदान एक टेबल, हेही याच आराखड्यात बसवावे.

रायगड जिल्ह्यातील पाली इथे या सगळ्याला आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात, पाऊस आणि एसटी. सरसगडाच्या पायथ्याचे हे सुधागड तालुक्याचे ठिकाण बल्लाळेश्वरामुळे सर्वदूर माहीत आहे. इथले शेठ ज. नौ. पालीवाला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर खिडक्या बहुतांश बंद ठेवाव्या लागतात. मग दालनात कोंदट वास, भिंतीला ओल आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी हे ठरलेले. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवणे, वर एक्झॉस्ट फॅन बसवणे, खिडक्यांवर रुंद छज्जे काढणे, दाराबाहेर छत्र्यांचा स्टँड आणि जाड पायपुसणी ठेवणे, ही कोकणातल्या अभ्यासिकेची पहिली कामे. वाळवीची तपासणी दरवर्षी पावसाआधी व्हावी. एअर कंडिशनरचा विचार वीजपुरवठ्याचा भरवसा पाहून मगच करावा.

दुसरी गोष्ट वेळेची. पालीत जांभूळपाडा, परळी, पेडली या बाजूंनी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुले शिकायला येतात. त्यांचा दिवस एसटीच्या फेऱ्यांना बांधलेला असतो. गाडी लवकरची असेल, तर मुलगा पहिल्या तासाच्या कितीतरी आधी येऊन उभा राहतो. तास संपल्यावर परतीच्या गाडीपर्यंत पुन्हा मोकळा वेळ उरतो. अभ्यासिका रात्री आठपर्यंत उघडी ठेवली, तर गावात राहणाऱ्यांची सोय होते. वाडीवरच्या मुलीला मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण तोवर तिची गाडी केव्हाच निघून गेलेली असते. तिच्यासाठी सकाळी एक तास आधी कुलूप निघणे आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दालन बंद न करणे जास्त मोलाचे. त्यासाठी पैसा लागत नाही, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलाव्या लागतात. याच जिल्ह्यात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात वसतिगृहे आहेत, तिथे रात्रीची वेळ वाढवणे रास्त ठरते. एकाच जिल्ह्यात वेळापत्रकाचे उत्तर असे दोन प्रकारचे निघते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचे एक सूत्र आहे. पुस्तक लवकर हाती पडावे, असा त्याचा अर्थ सहसा लावला जातो. पण गाडीच्या वेळा आणि ग्रंथालयाच्या वेळा जुळवणे हेही त्याच सूत्रात येते.

निधीसाठी राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान 2013 पासून होते, 2023 पासून ते पीएम-उषा या नावाने चालते. पायाभूत सुविधांची कामे त्यात बसू शकतात, पण निवड आणि अटी पाहून. म्हणून कामांची दोन याद्यांत विभागणी करणे शहाणपणाचे. वेळापत्रक, नियम, पंखे-ट्यूबची दुरुस्ती, खुर्च्यांचे बूच ही कामे महाविद्यालयाच्या नेहमीच्या खर्चातून लगेच होतात. वायरिंग, पार्टिशन, छताची गळती, नवीन टेबले यांचा प्रस्ताव करावा लागतो. बांधकामाला मुहूर्त मिळतो तो उन्हाळी परीक्षा संपल्यापासून पाऊस पडेपर्यंतचा, आणि कोकणात ही मुदत फार थोडी असते. काम लांबणार असेल, तर अर्धे दालन चालू ठेवून अर्ध्याचे काम करावे. परीक्षेच्या महिन्यात मात्र कशालाही हात लावू नये.

काम झाल्यावर पुढच्या सत्रात तीच मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा करायची. रिकामी राहणारी टेबले आता भरतात का, सकाळच्या वाढीव तासाला कोण येते, बंद पडलेला पंखा किती दिवसांत चालू होतो, हे त्यातून कळते. आलेल्या सूचनांपैकी कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याची यादी अभ्यासिकेच्या दाराशी लावावी. नकाराचे कारण लिहिलेले असले, तर पुढच्या वर्षी तीच चिठ्ठी पेटीत पुन्हा पडत नाही.