बोर्बनचा रंग आणि खर्जाची तार

आवडत्या मद्यावरून स्फूर्ती घेऊन कोणी वाद्य घडवीत असल्याचे कानी आले, म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून दोन प्रकारचे उद्गार निघतात. वडील मंडळी म्हणतात, "दारूपासून कसली आली आहे स्फूर्ती!" संस्कृतिरक्षक म्हणतात, "मद्य अमेरिकेचे, वाद्यही अमेरिकेचे. यात आपले ते काय?" बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, आपल्या मनाजोगती घडवावी आणि तिला बोर्बन व्हिस्कीचा तांबूस-पिंगट रंग द्यावा, ही परदेशातील हौस आहे, तेथील गिटारींच्या रंगांत 'बोर्बन' नावाची छटाही आढळते. उद्या शिरूरच्या वा दौंडच्या एखाद्या तरुणाने हाच घाट घातला, तर वरील दोन्ही आक्षेप त्याच्या वाट्यास येतील. आमच्या मते दोन्ही आक्षेप पोकळ आहेत. घ्यावयाचा आक्षेप निराळाच आहे.

परकेपणाचा आक्षेप प्रथम घेऊ. लिओ फेंडर याने कॅलिफोर्नियात १९५१ साली जी बेस गिटार बाजारात आणली, तिचा देह परका खरा. पण तिचे कार्य आपणांस परके नाही. तंबोऱ्याची चौथी तार जे करते, डग्गा जे करतो, तेच ती करते. ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे जात नाही, आणि ती थांबली की सारे गाणे पोरके होते. पेटीही युरोपातूनच आली होती. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, तरी मराठी माणसाने तिला घराबाहेर काढले नाही; आणि नाट्यसंगीताच्या वैभवकाळी ऑर्गनच्या सुरावर माना डोलावणाऱ्या पिढीस परकेपणाचे स्मरण झाले नव्हते. वाद्याचे कूळ विचारण्याची आमची सवय आपल्या सोयीने जागी होते व सोयीनेच निजते.

आता मद्याचा आक्षेप. दारूने घरे बुडतात, हे आम्ही नाकारीत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा उगाच झाला नाही. परंतु ज्या भीमा-घोडच्या काठी हा आक्षेप घ्यावयाचा, तो सारा मुलूख उसाचा आहे. उसाची साखर होते, साखरेमागे मळी उरते आणि मळीपासून मद्यार्क निघतो. दौंड तालुक्यातील रोटी गावी तर द्राक्षमद्याचा कारखानाच उभा राहिला. मळीच्या पैशावर मुले शिकवावयाची आणि वाद्याच्या रंगावरून नाक मुरडावयाचे, ही सोवळेपणाची जात आम्हांस उमगत नाही. शिवाय येथे कोणी प्यावयास सांगत नाही; एक वस्तू कशी घडते, तेवढे पाहावयास सांगतो आहे.

आणि पाहावयाचे ते हेच. बोर्बनच्या घडणीत निदान ५१ टक्के मका असावा लागतो. ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. वरून रंग घालण्यास मनाई आहे. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून तिला आपल्या देशाचे खास उत्पादन म्हटले. तिचा तो मोहक रंग लाकडाचा व काळाचा आहे. उलट आपल्याकडील पुष्कळशी व्हिस्की मळीच्या मद्यार्काची असते आणि तिला रंग जळक्या साखरेचा दिलेला असतो. खरा आक्षेप येथे उभा राहतो. ज्या पेयाने वरून रंग घेणे नाकारले, त्याच्या नावाने लाकडावर रंगाचे पुट चढवावयाचे, ही स्फूर्ती नव्हे. ही नुसती नक्कल आहे, आणि तीही बाटलीची!

स्फूर्ती घ्यावयाची तर तो नियम घ्यावा. लाकूड आपल्या मुलखाचे असावे. पडद्यांच्या पट्टीसाठी जगभर नावाजलेली शिसवी सह्याद्रीच्या रानात वाढते. पिंगट रंगच हवा तर सागवानास तेल चोळावे, तो आपोआप उमटेल. लाकूड पुरते वाळलेले मात्र हवे. चार तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, आणि ओल्या लाकडाची मान त्याखाली वाकते. मेरूपासून घोडीपर्यंत तार ३४ इंच धरली, तर पहिला पडदा मेरूपासून सुमारे १.९१ इंचांवर व बारावा बरोबर १७ इंचांवर येतो. तेथे केसभर चूक झाली तरी कान क्षमा करीत नाही. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तिच्याखाली चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालावे लागतात. यात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे आणि सुतारकीही आहे.

ही विद्या शिकावयास फार दूर जावयास नको. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला तो हाताने काम करीत शिकावे याच तत्त्वावर. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेच्या फॅब लॅब उपक्रमातील अगदी आरंभीची एक प्रयोगशाळा २००२ साली तेथेच आली. मग अडते कोठे? अडते आमच्या दिवाणखान्यात. मुलाने गिटार वाजविली तर आम्ही पाहुण्यांना बोलावून ऐकवितो, त्याने ती घडविण्यासाठी पटाशी हाती घेतली, की "हेच करायचे होते तर शिकलास कशाला?" असे विचारतो. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना पाणी देणारे हात सतारीकडे वळविले आणि पिढ्यान्‌पिढ्या गवयांच्या मांडीवर तंबोरे दिले. त्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळावयास २०२४ साल उजाडले. गवयांची नावे आम्हांस मुखोद्गत असतात. ज्याच्या तंबोऱ्यावर ते गायिले, त्या कारागिराचे नाव आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

तेव्हा शिरूर-दौंडच्या त्या तरुणाला अडविणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, त्याच्या वाद्याचे नाव बोर्बन आहे की काकवी, याची चौकशी पुढे करा. लाकूड कोणते, ते किती वाळविले आणि पडदे कोणी बसविले, हे आधी विचारा. त्यास या प्रश्नांची उत्तरे देता आली, तर ते वाद्य आपलेच आहे. आणि उत्तरादाखल त्याने नुसता रंगाचा डबा पुढे केला, तर मात्र खुशाल हसा. त्या हसण्यात आम्हीही सामील होऊ.